चौथा रंग

दातवाल्या बाईंचा उजवा डोळा गेला. डावा राहिला, पण राहावं की जावं याचा विचार त्याने दोन आठवडे केला.

आता हे झालंच नाही असं धरून चालू. मला ते फारसं अवघड जात नाही. गाडी आमच्या दुकानात नऊ दिवस होती आणि त्या नऊ दिवसांत खरोखरच काही झालं नव्हतं. बाईंना दोन्ही डोळे होते, मामाला दुकान होतं आणि माझं स्वतःबद्दल बरंच चांगलं मत होतं.

मामा जुन्या गाड्यांचे मीटर दुरुस्त करतो. वेग, पेट्रोल, तेल, पाणी, घड्याळ, म्हणजे ज्या ज्या गोल काचेमागे काटा फिरतो ते सगळं मामाचं. मी भाचा. काचेमागचा उजेड माझा. जुन्या गाडीत मीटरच्या मागे हरभऱ्याएवढे बल्ब असतात आणि त्यांचा उजेड आजारी माणसाच्या खोलीतल्यासारखा पडतो. मी ते काढून एलईडी बसवतो, आणि एक काडेपेटीएवढी डबी जोडतो, की त्या एलईडी रंग बदलतात. हौशी लोकांना हे फार आवडतं. पन्नास वर्षांची गाडी आतून मिठाईच्या दुकानासारखी दिसायला लागली की त्यांचे डोळे भरून येतात.

दुकान म्हणजे एक लांबट खोली. एका टोकाला शटर, दुसऱ्या टोकाला कधीच न उघडणारी खिडकी, मध्ये बाक. बाकाची डावी बाजू मामाची, उजवी माझी. भिंतीवर खिळ्यांना वायरची वेटोळी टांगलेली आणि प्रत्येक वेटोळ्याला कागदाची चिठ्ठी: लाल, हिरवी, पिवळी, निळी, काळी. अक्षर आईचं. वायरचा माल आला की आई एखाद्या रविवारी दुकानात यायची, चिठ्ठ्या लावायची, भावाला दोन शब्द सुनावायची आणि जायची. मामा सांगायचा, माझं अक्षर वाईट आहे म्हणून ताई लिहून देते. मामाचं अक्षर मोत्यासारखं आहे. दुकानाची पाटी त्यानेच रंगवली आहे. पण मी लहानपणापासून हेच बघत आलो, त्यामुळे वायरवर रंगाचं नाव लिहिण्यात मला काही विशेष वाटलं नाही. बरणीतली साखर दिसत असली तरी बरणीवर साखर लिहितातच की.

बाई आल्या त्या दिवशी आई तिथे नव्हती. माझ्या ताईला दुसरी मुलगी झाली होती आणि आई दीड महिना तिच्याकडे जाऊन राहिली होती. हे मी आत्ताच सांगून ठेवतो.

दातवाल्या बाईंनी चाळीस वर्षं आमच्या भागातले दात काढले. मामाची एक दाढ त्यांनीच काढली होती, त्यामुळे त्या आत आल्या आल्या मामाने तोंड मिटून घेतलं आणि पुढची दहा मिनिटं फक्त मानेने बोलला. बाईंचे कान मात्र गेले होते. चाळीस वर्षं कानाशी मशीन घरघरत असल्यावर दुसरं काय होणार, असं त्या म्हणायच्या. दोन्ही कानांत यंत्रं होती. गाडी चालवताना वाऱ्याने त्यांत शिट्ट्या वाजतात म्हणून त्या ती काढून पर्समध्ये ठेवायच्या. “गाडीत मी ठार बहिरी असते,” असं त्यांनी सांगितलं, खिडकीपाशी बसायला आवडतं म्हणून सांगावं त्या सुरात.

गाडी त्यांच्या नवऱ्याची. तो कानाने गाडी चालवायचा म्हणे. इंजिनाचा आवाज थोडा बदलला की थांबायचा, बॉनेट उघडायचा आणि बरोबर तेच बिघडलेलं असायचं. मीटरकडे त्याने आयुष्यात बघितलं नाही. तो जाऊन तीन वर्षं झाली होती. घाटापलीकडे बाईंची मोठी बहीण राहत होती आणि तिच्याकडे बाईंना एकट्याने, याच गाडीतून जायचं होतं. अडचण एवढीच की काटे बारीक होते. लांबच्या चष्म्यातून ते पुसट दिसायचे, जवळच्या चष्म्यातून रस्ता पुसट दिसायचा.

“मला काटे नकोत,” त्या म्हणाल्या. “रंग हवा. सगळं ठीक असेल तर एक रंग, बिघडत असेल तर दुसरा. कानांचं काम मला डोळ्यांवर सोपवायचंय, मिस्त्री. दुसरं माझ्याकडे काही उरलेलं नाही.”

मामाने तोंडावर हात धरून सांगितलं की रंगाचं सगळं भाचा बघतो.

मी कामाचा कागद भरायला घेतला. गाडीचा रंग या रकान्यात राखाडी लिहिलं. बाई टेबलाच्या पलीकडून उलटं वाचत होत्या. त्यांनी कागदावर बोट ठेवून सांगितलं की गाडी हिरवी आहे, फिकट हिरवी. मी गाडीकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. वयस्कर माणसं आपल्या गाडीबद्दल हळवी असतात हे मला माहीत होतं. मी राखाडी खोडून हिरवी लिहिलं. मामा म्हणाला, गिऱ्हाईक म्हणेल तो रंग. आमच्या धंद्याचं धोरणच ते होतं.

नऊ दिवस मी त्या गाडीत उलटा झोपलो. पाय सीटच्या पाठीवर, डोकं पेडलपाशी, हात डॅशबोर्डच्या पोटात. मागच्या बाजूने दोन नट हाताने फिरवायचे, वेगाच्या मीटरची केबल सोडवायची, की पाचही मीटर एका पत्र्यासकट पुढे येतात. आत कोळ्याची जाळी होती आणि एक मेलेला कोळी, तोही बऱ्यापैकी जुन्या बनावटीचा. बल्ब पाचपैकी दोनच चालू होते. तापमानाच्या मीटरमागचा बल्ब इतका काळा पडला होता की हातात घेतल्यावर त्याचा भुगा झाला. डिकीत पाण्याची एक मोठी बाटली होती आणि तिच्यावर बाईंच्या नवऱ्याच्या हातचं, जाड पेनाने लिहिलेलं: माथ्यावर. बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या की घाट चढून गेल्यावर तो नेहमी थांबायचा आणि रेडिएटरमध्ये एक बाटली पाणी ओतायचा. गाडीला लागो न लागो. घोड्याला पाणी दाखवावं तसं. त्या स्वतःही तेच करणार होत्या.

जुन्या गाडीत सगळ्यात मोठी भीती पाण्याची. घाटात इंजिन तापतं, रेडिएटरमधलं पाणी उकळतं आणि वाफ झाकणाखाली कोंडून बसते. त्या वेळी झाकण उघडलं तर उकळतं पाणी थेट तोंडावर येतं. म्हणून मी सगळा रंग पाण्याच्या तापमानावर बांधला. इंजिन गार असेल तोवर पाचही मीटर निळे. चालण्याजोगं गरम झालं की पांढरे. जास्त तापायला लागलं की पिवळे. आणि उकळलं की लाल. चार रंग. बाईंनी चष्म्याशिवाय बघितलं तरी कळावं एवढा ढळढळीत उजेड.

एलईडीच्या पट्टीला चार वायर असतात. एक काळी, ती सामाईक. बाकीच्या तीन म्हणजे लाल, हिरवा आणि निळा यांच्या. पिवळा वेगळा नसतो. लाल आणि हिरवा एकदम लावले की पिवळा होतो. तिन्ही लावले की पांढरा. पट्टी नवीन आली होती आणि वायरना चिठ्ठ्या नव्हत्या, कारण चिठ्ठ्या लावणारी व्यक्ती बाळाचे लंगोट वाळत घालत होती. मामा म्हणाला, तू लाव. मी काळीला लावली. निळीला लावली. दोन उरल्या.

त्या दोन वायर मी बराच वेळ बघितल्या. हे मी आता सांगतो आहे. तेव्हा मला तो बराच वेळ वाटला नव्हता. एक थोडी गडद होती आणि एक थोडी कमी गडद. लाल हा जहाल रंग, असं सगळीकडे ऐकलेलं. जहाल म्हणजे गडद. मी गडद वायरला लाल लिहिलं आणि उरलेलीला हिरवी. अक्षर छान आलं.

माझ्याबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. दुसरीत असताना मी झाडाचं चित्र काढलं होतं. खोड हिरवं आणि पानं तपकिरी. बाईंनी, म्हणजे शाळेतल्या बाईंनी, त्याला कल्पकतेचं बक्षीस दिलं. आईने ते चित्र फ्रेम करून घरात लावलं. कोणी विचारलं की ती सांगायची, पानगळीचं झाड आहे. बरेच लोक विचारायचे. मला वाटायचं, चित्र लोकांना आवडतं.

पट्टी बसवण्याआधी आम्ही ती बाकावर तपासली. किटलीत पाणी भरलं, इंजिनात असतो तो तापमानाचा सेन्सर त्यात लोंबता सोडला, शेजारी थर्मामीटर उभा केला आणि किटली चालू केली. पट्टी निळी लागली. पांढरी झाली. पिवळी झाली. किटली फुसफुसायला लागली तशी पट्टी पुन्हा बदलली.

मामाने मागून विचारलं, लाल झाला का. मी म्हटलं झाला, तुला दिसतोय ना. मामा म्हणाला, तुला दिसला ना, मग झालं. मी म्हटलं, मामा, तू बघ की. तो म्हणाला, बघतोय की. दोघांनीही बघितलं. पट्टीवर काहीतरी मातकट, ओळखीचं असं होतं आणि चार रंगांपैकी तीन होऊन गेले होते. उरला तो लाल. हिशोब चुकायला जागाच नव्हती.

मामा त्या दिवशी फार खुशीत होता. मला भाचेबुवा म्हणाला. तीस वर्षांत असं काम दुकानात झालं नाही, म्हणाला. ते खरंच होतं.

बाईंना ऐकू येत नाही आणि सांगितलेलं लक्षात राहीलच असं नाही, म्हणून मी एक कार्ड केलं. ठळक अक्षरात, डॅशबोर्डवर चिकटवायला. निळा: गार. पांढरा: उत्तम. पिवळा: हळू. लाल: थांबा. आणि खाली: लाल असताना रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नये. एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण कार्डावर एका ओळीची जागा मोकळी राहिली आणि मला मोकळी जागा बघवत नाही. मी लिहिलं: लाल नसेल तर खुशाल उघडा.

खुशाल हा शब्द मला तेव्हा फार आवडला होता.

दहाव्या दिवशी सकाळी नऊ वाजता बाई गाडी न्यायला आल्या. चावी फिरवली, पाचही मीटर निळे झाले. बाईंनी काचेवर हात फिरवला. मामाने इंजिन चालू ठेवलं. सात-आठ मिनिटांत निळ्याचा पांढरा झाला. बाईंनी टाळी वाजवली. पिवळा आणि लालही दाखव म्हणाल्या. मी समजावलं की त्यासाठी इंजिन उकळावं लागेल. लाल तुम्हाला दिसणारच नाही, असं मी म्हणालो. गाडी चांगली आहे, लाल लागणार नाही.

ते शब्दशः खरं ठरलं.

बाईंनी कानांतली यंत्रं काढली, पर्समध्ये ठेवली, पर्स शेजारच्या सीटवर टाकली आणि आमच्याकडे बघून हात केला. मामाने मोठ्याने सांगितलं की सावकाश जा. बाई हसल्या. त्यांना काही ऐकू आलेलं नव्हतं.

साडेदहाला आई आली. बसमधून उतरून थेट दुकानात, कारण घराची चावी आमच्याकडे होती. हातात दोन पिशव्या, चेहऱ्यावर दीड महिन्याची अपुरी झोप. बाळ कुणावर गेलंय हे तिने सांगायला सुरुवात केली आणि मी माझं काम दाखवायला. बाईंच्या कामावर खूश होऊन मामाने तशीच दुसरी पट्टी आणली होती आणि मी ती त्याच डबीने, त्याच पद्धतीने जोडली होती. किटली चालू केली. निळा, पांढरा, पिवळा. आई कौतुकाने बघत होती. किटली फुसफुसली. पट्टी बदलली.

“छान आहे,” आई म्हणाली. “पण उकळल्यावर हिरवा का?”

मी म्हटलं, लाल आहे तो.

आई माझ्याकडे बघून हसली. मग तिने मामाकडे बघितलं. मामा बाकाकडे बघत होता. बाकावर बघण्यासारखं काही नव्हतं.

“धाकट्या,” आई मामाला म्हणाली, “हा काय म्हणतोय?”

“त्यानेच जोडलं,” मामा म्हणाला. “मला काय विचारतेस. तुला माझं माहीत आहे.”

“तुझं माहीत आहे. त्याचं काय?”

“त्याला दिसतं.”

“काय दिसतं?”

मामाने पट्टी उचलली, माझ्यासमोर धरली आणि विचारलं की रंग सांग. मी लाल म्हणालो. त्याने वायरचं वेटोळं भिंतीवरून काढलं, चिठ्ठी मुठीत लपवली आणि विचारलं. मी लाल म्हणालो. दुसरं काढलं. मी जरा थांबून हिरवा म्हणालो, कारण दोनदा लाल येणार नाही असं वाटलं. दोन्ही लालच होती. आईने ती त्याच्या हातातून घेतली आणि परत खिळ्याला लावली. व्यवस्थित, जिथली तिथे.

तर असं होतं. मामाला लाल आणि हिरवा यातलं कळत नव्हतं. लहानपणापासून. हे जगात फक्त आईला माहीत होतं आणि तीस वर्षं तिने चिठ्ठ्या लावून ते झाकून ठेवलं होतं. मामाला वाटत होतं की भाच्याला दिसतं. मला वाटत होतं की मामाने तपासलं. आणि आईला काय वाटत होतं ते तिने सांगितलं नाही, पण पिशव्या खाली ठेवताना ती एवढंच पुटपुटली की पानगळ नव्हती ती.

पट्टीत लाल आणि हिरवा उलटे जोडले गेले होते. निळ्याला त्याने फरक पडत नव्हता. पांढऱ्यात तिन्ही असतात, त्यालाही नाही. पिवळ्यात दोघेही असतात, त्यालाही नाही. फक्त चौथा रंग खोटा होता. जो रंग वेळ आल्याशिवाय लागणार नव्हता, तेवढाच.

फोन केला. वाजला आणि थांबला. पुन्हा केला. बाईंच्या पर्समध्ये, कानांच्या यंत्रांशेजारी तो वाजत असणार. पुन्हा केला. मग आम्ही तिघं मामाच्या व्हॅनमध्ये बसलो.

त्या दिवशी मला कळलं की मामा गाडी कशी चालवतो. सिग्नलला वरचा दिवा म्हणजे थांब, खालचा म्हणजे नीघ. रंगाशी त्याचा संबंध नाही. मीही तसंच चालवतो. मला वाटायचं सगळेच तसं चालवतात. वाटेत रस्त्याचं काम चालू होतं आणि तिथे एक माणूस दोन झेंडे घेऊन उभा होता. झेंड्यांना वर-खाली नसतं. मामाने वेग कमी केला, माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे बघितलं. आई मागच्या सीटवरून आमच्या दोघांच्या मधोमध पुढे वाकली आणि नीघ म्हणाली. तिथून पुढे घाटापर्यंत ती तशीच वाकून बसली. समोरच्या गाडीचा ब्रेकचा दिवा लागला की लाल म्हणायची. विझला की काहीच म्हणायची नाही. चढणीवर ऊन तापत चाललं होतं. वळणं मोजत होतो. मी मध्येच म्हणालो की गाडी चांगली आहे, कदाचित तापणारच नाही. मामा म्हणाला, तापेल.

पुढचं बाईंनी नंतर सांगितलं, तसं लिहितो. अकराव्या वळणाला पिवळा लागला. त्यांनी कार्ड बघितलं आणि वेग कमी केला. सोळाव्याच्या पुढे पिवळा जाऊन हिरवा आला. कार्डावर हिरवा नव्हता. पण उभ्या आयुष्यात हिरव्याने त्यांना कधी दगा दिला नव्हता. पिवळा गेला आणि हिरवा आला, म्हणजे गाडी निवली, असं त्यांना वाटलं. वरच्या अंगाला वारा असतो, त्याने निवली असेल. माथ्यावर त्या थांबल्या. नवरा थांबायचा तिथेच. डिकीतून बाटली काढली. बॉनेट उघडलं. झाकणाच्या कडेने वाफ शिट्टी मारत असणार, किटलीसारखी. त्यांना ती ऐकू आली नाही. एकदा मागे येऊन त्यांनी डॅशबोर्ड बघितला. हिरवा. कार्ड बघितलं. लाल नसेल तर खुशाल.

आम्ही पोचलो तेव्हा बाई कठड्यावर बसल्या होत्या आणि एक ट्रकवाला त्यांच्या तोंडावर बाटलीतलं पाणी ओतत होता. माथ्यावर असं लिहिलेली बाटली. बाई ओरडत नव्हत्या. दात काढताना माणसाने कसं बसावं हे त्यांनी चाळीस वर्षं लोकांना शिकवलं होतं आणि त्या बरोबर तशा बसल्या होत्या, मान मागे, हात गुडघ्यांवर. आई त्यांच्याकडे धावली. मी गाडीकडे गेलो, कारण बाईंकडे जायचं धाडस झालं नाही. चावी चालूच होती. रेडिएटर रिकामा झाला होता, सेन्सरला पाणीच लागत नव्हतं, त्यामुळे त्याच्या लेखी इंजिन गार होतं. पाचही मीटर निळे होते. सुंदर दिसत होते. सगळं ठीक आहे असं सांगत होते.

इस्पितळात वाट बघताना डोळ्यांच्या डॉक्टरांनी आम्हाला ठिपक्यांचं पुस्तक दाखवलं. आईने दाखवायला लावलं. रंगीत ठिपक्यांत आकडा लपलेला असतो, तो वाचायचा. पहिलं पान सगळ्यांना वाचता येतं, आम्हालाही आलं आणि तेवढ्यावर मामाने आशा धरली. पुढच्या तेवीस पानांत आम्ही दोघांनी मिळून एकही आकडा वाचला नाही. डॉक्टर म्हणाले की हे घराण्यात येतं, आईकडून मुलाकडे. आईला स्वतःला काही होत नाही, ती फक्त पुढे देते. मामाचं भाच्याला असतं ते यामुळेच. आईने पुस्तक मिटलं आणि परत केलं. वर छान आहे म्हणाली.

तिसऱ्या दिवशी बाईंना भेटू दिलं. चेहऱ्यावर पट्ट्या, कानांत यंत्रं. मी आलोय हे त्यांना पावलांवरून कळलं.

“दिवेवाल्या,” त्या म्हणाल्या, “काम फार छान केलंस. चूक माझीच. घाई केली. तू म्हणाला होतास तसं झालं बघ, लाल शेवटपर्यंत लागला नाही.”

मी हो म्हणालो.

“आणि तो हिरवा,” त्या म्हणाल्या. “तो तू मला सांगितला नव्हतास. तो सगळ्यात सुंदर होता.”

मामाने बाहेर आल्यावर ठरवून टाकलं की झालं ते झालंच नाही. बाईंना काही माहीत नाही आणि आता कळून त्यांचा डोळा परत येणार नाही. आणि मीटरवाल्याला रंग दिसत नाही हे बाहेर गेलं तर तीस वर्षांत ज्याने ज्याने आमच्याकडून गाडी नेली तो आज रात्री झोपणार नाही. घरी येऊन आईने भिंतीवरचं झाडाचं चित्र काढलं, आणि दोन दिवसांनी परत लावलं, कारण भिंतीवर त्याचा चौकोन उमटलेला होता आणि तो जास्त दिसत होता.

मग वाहन तपासणी कार्यालयाचा फॉर्म आला. घाटात अपघात झाला की तो येतोच. रकाना सात: घटनेच्या वेळी दर्शक दिव्याचा रंग. मामाने मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं: निळा. आम्ही पाहिला तेव्हा निळाच होता, त्यात खोटं काही नाही, असं तो म्हणाला. फॉर्म मी टाकून येतो असं सांगून मी तो घेतला. त्याला हा कागद जोडला आहे. मामाला माहीत नाही. आईला दाखवला. तिने वाचला आणि एका ठिकाणी माझं शुद्धलेखन सुधारलं.

प्रति,
वाहन तपासणी अधिकारी

विषय: रकाना क्रमांक सातमधील रंगाबाबत.

महोदय,

सोबतच्या फॉर्ममध्ये माझ्या मामांनी दिव्याचा रंग निळा लिहिला आहे. आम्ही पोहोचलो तेव्हा तो निळा होता. त्यापूर्वी, बाईंनी झाकण उघडले तेव्हा, तो हिरवा होता. तो लाल असणे आवश्यक होते. वायर मी जोडल्या. त्यांवर चिठ्ठ्या मी लावल्या. कार्डावरील शेवटची ओळ माझी आहे. मला व माझ्या मामांना हे दोन रंग वेगळे दिसत नाहीत, याचा दाखला जोडला आहे. बाईंची कोणतीही चूक नाही, हे त्यांना लेखी कळवण्यास माझी हरकत नाही. तोंडी सांगणे मला दोनदा जमलेले नाही.

तरी, आपल्या कार्यालयास असलेल्या अधिकारांचा वापर करून, सदर दिवशी सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी सदर गाडीच्या डॅशबोर्डवर लागलेला रंग पूर्वलक्षी प्रभावाने लाल असल्याचे जाहीर करावे, आणि त्या आदेशाची एक प्रत बाईंना, त्यांनी झाकणाला हात लावण्यापूर्वी, ठळक अक्षरांत पोहोचती करावी, ही नम्र विनंती.